खंडेनवमीच्या आत

सकाळी ६.३५

शटर वर गेलं की मिस्त्री आधी कॉम्प्रेसरकडे जातात. टाकीखालचा कॉक उघडतात. फस्सकन हवा सुटते आणि मागून रात्रभर साचलेलं गढूळ पाणी येतं. ते टाकीत राहिलं तर रंगाबरोबर पत्र्यावर जातं आणि थोड्याच दिवसांत रंगाला फोड येतात. आज रंगाचा शेवटचा हात मारायचा आहे.

बाहेर वणी रस्ता केव्हाच जागा झालाय. सप्तशृंग गडाकडे निघालेली पोरं अनवाणी चालली आहेत. खांद्यावर भगवे झेंडे, मागे टेम्पो, टेम्पोवर स्पीकर. आज अष्टमी, उद्या खंडेनवमी. उद्या या गॅरेजात कुणी पाना उचलणार नाही. पाने, हातोडे, जॅक, पुलर सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. म्हणजे जे व्हायचं ते आज रात्रीपर्यंत.

कोपऱ्यात चार लाकडी ठोकळ्यांवर एक छोटा ट्रॅक्टर उभा आहे. चाकं नाहीत, बॉनेट नाही, मडगार्ड नाहीत. नुसता सांगाडा आणि त्यावर काल बसवलेला ब्लॉक. मित्सुबिशी शक्ती, एमटी १८० डी. साडेअठरा हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर, चारही चाकांना जोर. बनवणारी कंपनी बंगळुरूची व्हीएसटी, १९६७ साली निघालेली. पण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात व्हीएसटी कुणी म्हणत नाही. सगळ्यांच्या तोंडी मित्सुबिशीच.

द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फुटांचं अंतर. वर मांडवाच्या तारा, तारांवरून लोंबणाऱ्या काड्या. मोठा ट्रॅक्टर आत घातला तर काड्या मोडतो, तारा ओढतो. हा बुटका ट्रॅक्टर खालून निघून जातो. तो येण्याआधी बागेत दोन माणसं नळी ओढायची, तिसरा गन धरून औषध मारायचा. निम्मं औषध पानावर, निम्मं अंगावर. मग याच्यामागे ब्लोअर लागला आणि नळी ओढणं सुटलं.

मालक मोहाडीकडचे बागाईतदार. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी हा ट्रॅक्टर अडतीस हजाराला घेतला तेव्हा इंजिन जाम होतं आणि एअर क्लीनरमध्ये उंदराचं घरटं होतं. नानांना तो दसऱ्याला दारात उभा हवा आहे, चालू.

सकाळी ७.१०

पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या जीपमधून जातायत. गोडी बहाराची छाटणी सुरू आहे. प्रत्येकाच्या कमरेला किंवा पिशवीत कात्री. एकराच्या ठेक्यावर काम, त्यामुळे कुणाला थांबायला वेळ नाही.

गॅरेजातले दोघं हजर झाले. एक जुना हेल्पर, रोजाला सहाशे. दुसरा बारक्या. वय एकोणीस, आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून आलेला. त्याला रोजाला साडेतीनशे. बारक्या आला की पहिला झाडू त्याचा. झाडता झाडता तो खाली वाकून बघतो, रात्रीतून कुठल्या गाडीखाली ऑइलचा नवा डाग पडलाय का. हे त्याला कुणी शिकवलं नाही, असं मिस्त्री मला हळूच सांगतात. आवाजात कौतुक लपत नाही.

समोरच्या टपरीवरून चहा. दहा रुपये कप, चार कप.

सकाळी ७.३०

हेड बसवायचं. आधी ब्लॉकमधली बोल्टची भोकं. बारक्या प्रत्येक भोकात हवा मारतो. भोकाच्या तळाशी ऑइल किंवा डिझेल राहिलं तर बोल्ट खाली टेकायच्या आधीच घट्ट वाटतो. पाना खोटं सांगतो. जास्त जोर लावला तर ब्लॉकला चीर जाते.

हवा मारून झाली. कापडाची वात करून भोकं पुसून झाली. गॅस्केट बसलं. गॅस्केटची वरची बाजू कुठली ते मिस्त्री दोनदा बघतात. मग दोघांनी हेड उचलून सरळ खाली सोडलं. घासत नाही, सरकवत नाही.

आता बोल्ट. जुनेच आहेत, डिझेलमध्ये धुऊन, तारेच्या ब्रशने घासून पत्र्याच्या डब्यात ठेवलेले. प्रत्येकाच्या डोक्यावर ७ चा आकडा कोरलेला, जपानी बोल्टांवर असतो तसा. बाजारात नवा बोल्ट थोडक्या पैशांत मिळतो, पण त्याच्या डोक्यावर काही लिहिलेलं नसतं. लोखंड कसलं आहे ते कळत नाही. मिस्त्री हे बोल्ट टाकून देत नाहीत, आणि ते बरोबरच करतात असं मला वाटतं.

आधी हाताने. मग पान्याने, मधल्या बोल्टापासून सुरुवात करून बाहेर बाहेर जात. एक फेरी हलकी, दुसरी मध्यम, तिसरी टॉर्क पान्याने. टॉर्क पाना मिस्त्रींनी नाशिकला जुन्या हत्यारांच्या बाजारात घेतला होता, अठराशे रुपयांना. तो वेगळ्या पेटीत असतो आणि त्याला बाकी कुणी हात लावत नाही. पाना ‘टक्’ वाजला की थांबायचं. शेवटच्या दोन बोल्टांना मिस्त्री बारक्याला बोलावतात. “ये. तू मार. टक् झालं की सोड, पुढं ओढू नको.”

बारक्या मारतो. टक्. सोडतो.

सकाळी ९.०५

रस्त्यावरून एक युवराज ट्रॅक्टर आत वळतो, मागे ब्लोअर. चालवणारा उतरायच्या आधीच ओरडतो, “मिस्त्री, प्रेशरच धरीना!”

जुनं काम तिथंच थांबतं. पाने तसेच राहतात. हेडवर स्वच्छ कापड टाकलं जातं. या गॅरेजात नियम ठरलेला आहे. औषध मारणारी गाडी आली की ती पहिली. ज्यांची छाटणी आधी झाली त्यांच्या बागेत कोवळी फूट निघालीय. त्यात रात्री दव पडतंय, परवा पाऊसही येऊन गेलाय. डावणी रोग पानाखाली शिरायला एवढं पुरतं. ज्याचा ब्लोअर बंद, त्याची झोप उडालेली असते.

पंप उघडला. डायफ्राम फाटलाय. औषधाने रबर कडक होतं, मग कडेने चिरतं. पंपातल्या ऑइलला दुधाळ रंग आलाय, म्हणजे पाणी आत गेलं. हेल्पर ते ऑइल डब्यात ओततो, पंप धुतो. डायफ्रामचा सेट कपाटात तयार आहे. या दिवसांत मिस्त्री असे सेट आणून ठेवतात, पदरचे पैसे घालून.

तासाभरात ब्लोअर पुन्हा भुसभुसायला लागतो. नोझलही काढून साफ केले, दोन बदलले. सामान आणि मजुरी धरून साडेचौदाशे. युवराजवाले दादा म्हणतात, “पन्नास कमी घ्या.” मिस्त्री चौदाशे घेतात. पैसे फोनवरून येतात, स्पीकर मोठ्याने रक्कम सांगतो.

सकाळी १०.२०

ओझरहून स्कूटरवर काका येतात. एचएएलमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना निघाला, आणि त्या कारखान्याने या भागाला एक गोष्ट दिली, ती म्हणजे मापाची सवय असलेले हात. काका इथं पगारावर नाहीत. मन लागतं म्हणून येतात. स्वतःचा फीलर गेज, स्वतःचा मायक्रोमीटर, स्वतःचा चष्मा, सगळं एका चामडी पिशवीत.

आज त्यांच्याकडे टॅपेट. बारक्या पुढून क्रँक पुली हळूहळू फिरवतो. काका रॉकर बघत राहतात. “थांब. अजून थोडं. बस.” पाव मिलिमीटरची पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये घालतात. सैल गेली. स्क्रू किंचित आवळला. पुन्हा पाती. आता ओढताना हाताला जराशी ओढ लागते. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर परत पाती घालून बघतात. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. पाऊण तास.

“घाई केली तर दहा मिनिटांत होतं,” काका म्हणतात. “मग महिन्याभरात परत खोलायचं.”

त्यांच्या घरी, अंगणातल्या शेडमध्ये, एचएमटी २५११ आहे. झेटरच्या तंत्रावर पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून बनलेला, दोन सिलिंडरचा. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभागच बंद करायचं ठरवलं. त्यानंतर काका गावोगाव फिरून त्याचे सुटे भाग गोळा करतायत. कुणाकडे जुना फिल्टर हाउसिंग पडलंय, कुणाकडे स्टिअरिंगचा बॉक्स. किलोवर गेलेलं सामान ते भंगारवाल्याकडून किलोवरच परत घेतात.

सकाळी ११.४०

फोन. पालखेडच्या बाजूला एका बागेत ब्लोअरच्या शाफ्टचा क्रॉस तुटलाय. टाकीत पाचशे लिटर औषध कालवून तयार. कालवलेलं औषध उद्यावर ठेवता येत नाही. ओतून द्यायचं म्हटलं तर हजारो रुपये मातीत.

मिस्त्री मोटरसायकल काढतात. मागे मी, मांडीवर पान्यांची पिशवी. पिशवीचं वजन आठ-दहा किलो तरी असेल. वाटेत मोहाडीकडे जाणारा फाटा, शेतमालाच्या गाड्या, एका ठिकाणी ऊस वाहायच्या ट्रॉल्या दुरुस्तीला लावलेल्या. कादवा कारखान्याचा हंगाम तोंडावर आलाय, महिनाभरात हीच माणसं ब्रेक आणि हुकची कामं घेऊन गॅरेजात येतील.

बागेत शिरलो की उकाडा वाढतो. मिस्त्री ट्रॅक्टरमागे चिखलात पोतं टाकून झोपतात. शाफ्ट सोडवला. क्रॉसची एक बाजू पूर्ण खाल्लेली, आतल्या सुया बाहेर. ग्रीस कधी मारलंच नव्हतं. मिस्त्री बोलत नाहीत, फक्त तो तुकडा मालकाच्या हातावर ठेवतात. सर्कलिप काढायला पक्कड, जुना क्रॉस ठोकून काढायला हातोडा आणि पाइपाचा तुकडा. नवा क्रॉस साडेचारशेचा, बरोबर आणलेला. बसवला, ग्रीस मारलं. ग्रीस गन मालकाच्या हातात देऊन म्हणाले, “दादा, दर टाकीला दोन पिचकाऱ्या. एवढंच करा.”

मजुरी तीनशे, येण्या-जाण्याचं पेट्रोल शंभर. मालकाने वर डझनभर पेरू दिले.

दुपारी १.२५

डबे उघडले. नवरात्राचे उपास आहेत, त्यामुळे हेल्परच्या डब्यात भगर आणि शेंगदाण्याची आमटी. बारक्याच्या डब्यात बाजरीची भाकरी, ठेचा, गवार. मिस्त्री साबणाने आणि मग लाकडाच्या भुशाने हात घासतात, तरी नखांच्या कडा काळ्याच. पेरूंची फोड सगळ्यांना. पंधरा मिनिटं आडवं होणं, पोत्यावर.

दुपारी २.१०

रंगारी सकाळपासून मागच्या शेडमध्ये होता. मी आता गेलो.

बागेतला ट्रॅक्टर जुना होतो तो वेगळ्या तऱ्हेने. नांगराचा ट्रॅक्टर झिजतो, वाहतुकीचा आदळतो. बागेतल्याला औषध खातं. मोरचूद, चुना, गंधक. वर्षानुवर्षं मागून त्याचा धुरळा बसतो, दवात भिजतो, पत्र्याच्या जोडात शिरतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि बोटाने दाबलं की बोट आत जातं. या ट्रॅक्टरचे मागचे मडगार्ड खालून असेच सडले होते. रंगाऱ्याने सडलेला भाग कापून टाकला. नवा पत्रा हातोडीने गोलाईत ठोकला. तो गॅसने, पितळी काडीवर जोडला, कारण पातळ जुना पत्रा इलेक्ट्रिक वेल्डिंगला वितळून भोक पडतं. मग घासणं. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग पाण्याचा. मग पुट्टी, परत घासणं, प्राइमर, परत घासणं. रंगाऱ्याच्या बोटांच्या ठशांच्या रेघा गुळगुळीत झाल्यात. फोनचं कुलूप त्याच्या बोटाला उघडत नाही, आकडे दाबावे लागतात.

रंग कोणता यावर मागच्या आठवड्यात बराच वाद झाला. वरचा रंग तर कुणीतरी मध्येच मारलेला, भडक. शेवटी टूलबॉक्सचं झाकण सोडवलं. त्याखाली, जिथं ऊन कधी पोचलंच नाही, तिथं हाताच्या तळव्याएवढा मूळ लाल सापडला. रंगारी ते झाकण घेऊन नाशिकला गेला आणि दुकानात बसून शेड जुळवून आणली. दुकानदाराने तीन वेळा मिसळलं. तयार शेडचा डबा घेतला असता तर दोनशे रुपये वाचले असते आणि कुणाला कळलंही नसतं. काकांना कळलं असतं. नानांनाही.

आता शेवटचा हात. तोंडाला रुमाल, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, म्हणजे धूळ उडू नये. गन पत्र्यापासून वीतभर. हात एका वेगाने डावीकडून उजवीकडे, काठाच्या बाहेर जाऊन मगच परत. मध्ये थांबला तर ओघळ येतो. बॉनेट, दोन मडगार्ड, टूलबॉक्सचं झाकण. बावीस मिनिटं. मग रंगारी दाराबाहेर जाऊन बसतो आणि कुणालाही आत येऊ देत नाही.

दुपारी ३.४५

नाशिकहून फ्युएल पंप आणि नोझल आले. कॅलिब्रेशनवाल्याने एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवले. कंडक्टरला पन्नास रुपये, पंपवाल्याला साडेसहा हजार. पंपाच्या तोंडांना प्लास्टिकच्या टोप्या. त्या टोप्या शेवटच्या क्षणापर्यंत काढायच्या नाहीत. केसाएवढा कचरा आत गेला तर साडेसहा हजार परत.

पंप बसवताना तांब्याचे वॉशर कमी पडले. दोन हवेत, गावातल्या दुकानात त्या मापाचे नाहीत. नाशिकला जाऊन येणं म्हणजे संध्याकाळ गेली. काका म्हणाले, “जुने आण.” दाबून दाबून कडक झालेले जुने वॉशर त्यांनी तारेत ओवले, गॅसच्या ज्योतीवर लाल केले आणि पाण्यात सोडले. तांबं तापवून थंड केलं की परत मऊ पडतं. मग बारीक पेपरवर घासून दोन्ही बाजू सपाट. नखाने दाबून बघितलं. “लाव.”

बारक्या ते सगळं फोनवर चित्रित करत होता. काकांनी रागवून फोन खाली ठेवायला लावला आणि पुढचा वॉशर त्याच्याच हातात दिला.

संध्याकाळी ५.१५

आता एकेक जण यायला लागले. नाना त्यांच्या मुलाबरोबर. खेडगावकडचे एक भाऊ. लखमापूरचे एक मास्तर, शाळेतून थेट. या लोकांनी काही मंडळ नोंदवलेलं नाही. फोनवर एक ग्रुप आहे, त्यात जुन्या ट्रॅक्टरांचे फोटो येतात, कुठं काय पडून आहे त्याची खबर येते. कुणाचं मशीन चालू होणार असेल तर बाकीचे येतात. बघायला, आणि धरायला हात लागले तर द्यायला.

खेडगावच्या भाऊंकडे बी-२७५ आहे, इंटरनॅशनलच्या तंत्रावर महिंद्राने काढलेला. त्याला इंची पाने लागतात. इथल्या मित्सुबिशीला १०, १२, १४, १७. त्यामुळे भाऊंच्या पेटीतलं एकही हत्यार आज उपयोगाचं नाही, तरी ते पेटी घेऊन आलेत.

मास्तरांकडे किर्लोस्करचा डॉइट्झ. त्याचा विषय निघाला की सगळे जवळ सरकतात, कारण तो नाशिकचा. जर्मनीच्या डॉइट्झबरोबर करार करून किर्लोस्करांनी १९७४ साली नाशिकला ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली होती. इंजिन हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, पाणी नाही, होज पाइप नाही. सिलिंडरच्या बाहेर पातळ पंख्या आणि पुढे मोठा फॅन. मास्तर दर महिन्याला त्या पंख्यांमधली धूळ ब्रशने काढतात. त्यांचे वडील ज्या ट्रॅक्टरवर मजुरीने ड्रायव्हर होते, तोच हा नाही, पण त्याच बनावटीचा.

नाना जास्त बोलत नाहीत. सांगाड्याभोवती एक चक्कर मारतात. पुढच्या ॲक्सलच्या सीलखाली बोट फिरवून बघतात, ऑइल लागतं का. नाही लागत.

भंगारवाल्याचा हिशोब मी त्यांना विचारला. त्यांना तो पाठ आहे. “साडेसहाशे किलो धरा. तीस रुपये किलो. साडेएकोणीस हजार. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी बाग काढून टाकली होती, अंगूर परवडेना म्हणून. दोन भंगारवाले येऊन गेले होते. मी तिसरा.” थोडं थांबून म्हणाले, “माझी पहिली बाग याच्याच जोडीदारावर उभी राहिली. तो मी विकला, पोरीच्या लग्नाला. आता याला ठेवतो.”

संध्याकाळी ६.२०

बॅटरी जोडली. रेडिएटरमध्ये पाणी, इंजिनात ऑइल, टाकीत पाच लिटर डिझेल. आता एअर काढायची.

फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल केला. हेल्पर हाताने डिझेल चढवतो. आधी नुसतेच बुडबुडे, मग फेस, मग बुडबुडे आणि डिझेल, मग सलग धार. स्क्रू बंद. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. मग नोझलचे तिन्ही नट अर्धा आटा सैल. बारक्या सीटच्या जागी ठेवलेल्या फळीवर बसला, किल्ली फिरवली. सेल्फ ओढतोय, इंजिन फिरतंय, नटांमधून डिझेल थुंकल्यासारखं उडतंय. पहिला नट आवळला. दुसरा. तिसरा.

“आता हीटर धर. मोजून वीस.”

सगळे मनात मोजतायत. बारक्या मोठ्याने मोजतो.

सेल्फ. इंजिन एकदा धडकलं, थांबलं. पुन्हा हीटर. पुन्हा सेल्फ. एक सिलिंडर बोलला, टक-टक-टक, पांढरा धूर. मग दुसरा. गॅरेज धुराने भरलं. मग तिसरा मिळाला आणि आवाज एकदम गोल झाला. मास्तरांनी टाळी वाजवली. काका टाळी वाजवत नाहीत. ते ऑइल प्रेशरच्या दिव्याकडे बघतायत. दिवा विझला. मग त्यांनी मान हलवली.

मिस्त्री एका लांब पेचकसाचं टोक ब्लॉकवर टेकवून मूठ कानाला लावतात. एकेक सिलिंडर ऐकतात. डॉक्टरांनी छाती तपासावी तसं, शांतपणे, डोळे मिटून. “ठीक आहे,” म्हणतात. नानांचा मुलगा अजून फोटो काढतोय. नानांनी खिशातून रुमाल काढला, धुराने डोळे चुरचुरतायत म्हणाले. धूर खरंच होता.

संध्याकाळी ७.१०

दहा मिनिटं चालल्यावर खालच्या होज पाइपाच्या तोंडातून पाणी. क्लॅम्प जुना, एका जागी पातळ झालेला. बंद. गार होऊ दिलं. नवा क्लॅम्प पंचवीस रुपयांचा. तोवर चाकं. पुढची ५-१२, जुनीच, धुऊन घेतलेली. मागची ८-१८ नवी, तेरा हजाराची जोडी. जॅकने एक बाजू वर, ठोकळा बाहेर, चाक आत, नट. चार वेळा. खेडगावच्या भाऊंनी चाकं धरली. कित्येक आठवड्यांनी ट्रॅक्टर जमिनीवर उतरला आणि स्प्रिंग नसल्यामुळे उतरताना टायरवर जरासा दबला.

रंगाऱ्याने आता आत यायला परवानगी दिली. बॉनेट दोघांनी, काठाला कापड गुंडाळून आणलं. रंग वरून सुकलाय, आतून नाही. चार बोल्ट हातानेच लावले. “आवळायचे परवा,” रंगारी म्हणतो. “आणि उन्हात धुवायचा नाही. हार घालाल तर झेंडूचा पिवळा रस पुसून काढा लगेच, डाग पडतो.”

रात्री ८.२०

हिशोब. मिस्त्रींची वही निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे ऑइलने काळे. बोअर, पिस्टन, रिंगा ११,८००. क्रँकची घासाई आणि बेअरिंग ४,२००. पंप ६,५००. टायर १३,०००. पत्रा आणि रंग १४,०००. बॅटरी, क्लच, सील, गॅस्केट, हेडचं काम, ऑइल, डिझेल, सगळं ओळीने लिहिलेलं, प्रत्येकासमोर दुकानाची पावती टाचणीने लावलेली. मजुरी १६,०००. एकूण ८४,८००. काकांच्या नावाने वहीत काही नाही. तसं त्यांनीच सांगितलंय.

पन्नास हजार आधी मिळाले होते. नानांनी तीस हजार रोख मोजले, बाकीचे चार हजार आठशे फोनवरून. मजुरीतून मिस्त्रींनी हेल्परला आणि बारक्याला दसऱ्याचे वेगळे काढले, हेल्परला दोन हजार, बारक्याला हजार. बारक्याने नोटा न मोजता खिशात घातल्या आणि बाहेर जाऊन मोजल्या.

“पहिले पन्नास तास ओझं नाही,” मिस्त्री नानांना सांगतात. “ब्लोअर लावायचा नाही, रोटाव्हेटर तर नाहीच. पोरांना घेऊन गावात चक्कर मारा, मोकळा चालवा. मग ऑइल काढून इथं आणा, काढलेलं ऑइल मला बघायचंय. हेडचे बोल्ट परत एकदा बघावे लागतील.”

“पन्नास तास म्हणजे दिवाळी होईल,” नाना म्हणतात.

“होऊ द्या. दिवाळीनंतर तसाही इथं पाय ठेवायला जागा नसते, उसाच्या ट्रॉल्या येतात. सकाळी सातच्या आत आणा, घेतो.”

ट्रॅक्टर आजची रात्र गॅरेजातच. उद्या पाने-हातोड्यांबरोबर त्याचीही पूजा इथंच, परवा दसऱ्याला सकाळी नाना येऊन चालवत नेणार. बारक्या खाली बसून हत्यारं धुतोय, डिझेलच्या ट्रेमध्ये एकेक पाना बुडवून, ब्रश मारून, जुन्या बनियनने पुसून. हेल्पर आकाराप्रमाणे ओळीने लावतोय. १४ चा रिंग पाना सापडत नाहीये. मिस्त्रींनी पालखेडच्या बागेत फोन लावला. ट्रॅक्टरच्या मागे पोत्यावर राहिलाय. मालक म्हणाले, सकाळी गडावर जाताना देऊन जातो.

“पूजेच्या आधी द्या,” मिस्त्री म्हणाले, आणि शटरची दांडी शोधायला लागले.